दुपारी तीनचा जिना

भुतांनी आपसात बैठक घेऊन एखाद्या माणसाला टाळायचा ठराव केला असेल, तर तो माझ्या नवऱ्याच्या आत्यांच्या बाबतीत. सिंगापूरसारख्या गावात दर तिसऱ्या इमारतीला स्वतःचं भूत असतं आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कधी ना कधी दिसतंच. तिथं तीस वर्षं राहून, आणि त्यातली शेवटची काही वर्षं केवळ भुतांच्या शोधात घालवून, आत्यांना एकही भूत भेटलं नाही. भुतांना दोष देता येत नाही म्हणा. जेमतेम पाच फूट उंची, फिक्या रंगाची सुती साडी, साडीखाली पांढरेशुभ्र धावायचे बूट, खांद्याला शबनम पिशवी आणि त्या पिशवीत चहाचा थर्मास, चिवड्याचा डबा, एक तापमापक आणि एक दोनशेपानी वही, असा सरंजाम घेऊन ही बाई समोरून येताना दिसली, की कुठलंही विचारी भूत रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाईल.

आत्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. आधी पुण्यात शाळेत, आणि मग काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी लागल्यावर मरीन परेड भागातल्या बाराव्या मजल्यावरच्या घरी, स्वतःच्या जेवणाच्या टेबलापाशी. त्या टेबलाशी बसून दोन पिढ्यांतली चिनी, मलय आणि तमिळ मुलं न्यूटनचे नियम शिकली आणि जाताना ‘अगं बाई’ म्हणायलाही शिकली. मूलबाळ नव्हतं. काका हृदयविकारानं अचानक गेले, तेव्हा आत्यांनी तेराव्या दिवशी शिकवण्या बंद केल्या आणि चौदाव्या दिवशी भुतं तपासायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, एकटेपणात माणूस मन रमवायला काहीतरी शोधतोच. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी सकाळी बागेत जाऊन चिनी आज्यांबरोबर संथ हातवारे करतं. आत्यांनी हे शोधलं. आम्ही फारशी चौकशी केली नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यांचा एक नियम पक्का होता. भूत तपासायचं ते दिवसाउजेडी. “असेल तर ते दुपारी दोनलाही असलंच पाहिजे,” त्या म्हणायच्या. “गुरुत्वाकर्षण काय रात्री बारानंतर सुरू होतं का? ड्यूटीच्या वेळा पाळणारं भूत मला मान्य नाही.” शिवाय त्या साडेनऊला झोपायच्या आणि कुणासाठीही, मग तो जिवंत असो की मेलेला, झोप मोडायला तयार नसायच्या. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिनं एकदा, इथल्या सवयीनं शेवटी ‘लाह’ लावून, गंभीरपणे समजावलं, “आत्याआजी, घोस्ट डे-टाइममध्ये कान्ट कम, लाह.” आत्या तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, “मग त्याला निरोप दे. म्हणावं, आजी रात्री झोपते. यायचं तर दिवसा ये, चहा मिळेल.”

आम्ही राहतो बिशानला. आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधी त्या टेकाडांवर चिनी लोकांच्या कबरी होत्या, हजारोंनी. सरकारनं त्या उकरून अस्थी हलवल्या आणि वर शाळा, बाजार, फ्लॅट, एमआरटी म्हणजे मेट्रो, असं सगळं वसवलं. बिशानच्या स्टेशनात रिकाम्या डब्यातून उतरणाऱ्या माणसांच्या गोष्टी इथलं प्रत्येक मूल ऐकून असतं. आत्यांनी त्या ऐकल्या आणि दुसऱ्याच दिवशी प्लॅटफॉर्मच्या बाकावर थर्मास घेऊन बसल्या, ते साडेतीन तास उठल्याच नाहीत. शेवटी स्टेशनातला एक कर्मचारी येऊन अदबीनं विचारता झाला, “आंटी, यू ओके? कुणाची वाट बघताय?” आत्या म्हणाल्या, “भुताची.” तो माणूस दोन पावलं मागं सरला. “आंटी, असं मोठ्यानं नका बोलू, लाह,” म्हणाला, आणि थोडं घुटमळून, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून, “सॉरी” म्हणून निघून गेला. तो सॉरी नक्की कुणाला म्हणाला, हे आम्ही घरी बराच वेळ चर्चिलं. आत्यांनी वहीत स्थळ, वेळ आणि तापमान लिहिलं. ‘उपस्थित’ या रकान्यात ‘मी’ लिहिलं, आणि ‘निष्कर्ष’ या रकान्यात ‘काही नाही’.

त्या वहीची पानंच्या पानं ‘काही नाही’नं भरली होती. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्ट आपोआप थांबते, दार उघडतं आणि बाहेर कुणीच नसतं, असा बोभाटा होता. आत्या डबा पोचवायचं निमित्त करून गेल्या आणि पाऊण तासात सफाईवाल्या बाईंना पकडून आणलं. त्या बाई लिफ्टचं बटण दाबायच्या आणि लिफ्ट येईपर्यंत आणखी एक कोपरा पुसून घ्यायला जायच्या. ऑफिसातल्या लोकांना याचा आनंद होण्याऐवजी राग आला. भूत गेलं की मजल्याची प्रतिष्ठाही जाते.

एकदाच त्यांच्या हातून चूक झाली. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात मेलेली माणसं घरी येतात अशी इथं समजूत आहे. त्यांच्या करमणुकीसाठी मोकळ्या मैदानात मांडव घालून गाण्याचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात. आत्या संध्याकाळी सात वाजता जाऊन पहिल्या रांगेच्या मधोमध बसल्या. मागच्या शेदोनशे माणसांचा श्वास एकदम अडकला तो मला मांडवाच्या टोकाला ऐकू आला. स्टेजवरची झगमगीत कपड्यातली गायिका एक ओळ विसरली. मग एक वाकलेली चिनी आजी काठी टेकत आली आणि आत्यांच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. आत्या ताडकन उठल्या. आजीला हात जोडले, खुर्चीला हात जोडले, आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. “काय म्हणाली?” मी विचारलं. “तिच्या नवऱ्याला मधली खुर्ची आवडायची,” आत्या म्हणाल्या. त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं गेलं नाही.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये मला मेक्सिकोत एका परिषदेला जायचं होतं. मी विद्यापीठात समुद्राचं पाणी गाळून गोड करणाऱ्या पातळ पडद्यांवर काम करते. विषय असा, की घरातलं कुणीही त्याबद्दल दुसरा प्रश्न विचारत नाही. आत्यांनी मात्र लगेच विचारला, “मेक्सिकोत कुठं?” मी सांगितलं, राजधानीत तीन दिवस. “त्यानंतर तू मला ग्वानाहुआतोला नेणार आहेस,” त्या म्हणाल्या. हे जुन्या स्पॅनिश राजवटीतलं चांदीच्या खाणींचं गाव. त्यांनी त्याच्यावरचं मिळेल ते वाचून काढलं होतं. गल्ली म्हटली की तिथं एक मेलेला माणूस आणि त्याची एक गोष्ट आहे म्हणे. तिकिटं काढल्यापासून त्यांनी मोबाइलवर स्पॅनिशही शिकायला घेतलं. जाईपर्यंत त्यांना ‘भूत कुठं आहे?’, ‘भूत किती वाजता येतं?’ आणि ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ हे अस्खलित विचारता येत होतं. बाथरूम कुठं आहे, हे विचारायचं राहून गेलं होतं. ते आम्हाला मेक्सिकोत फार महागात पडलं.

राजधानीपासून पाच तास बसनं गेलो. बसस्थानकावरून टॅक्सी घेतली तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं, आणि दहाव्या मिनिटाला आम्ही जमिनीखाली होतो. त्या गावात गल्ल्या वर आहेत आणि मोठे रस्ते खाली. जुन्या नदीचं पात्र होतं, त्यावर कमानी घातल्या आणि नदी वळवून तिथून गाड्या सोडल्या. दगडी भिंती, अधूनमधून पिवळा दिवा आणि मध्येच एखाद्या भोकातून खाली पडलेला उन्हाचा चौकोन. त्या चौकोनात बसची वाट बघत उभी असलेली दोनचार माणसं, एकमेकांशी न बोलणारी. आमच्या टॅक्सीवाल्यानं एका कमानीखाली सामान उतरवलं, वर जाणाऱ्या दगडी जिन्याकडं बोट दाखवलं आणि तो निघून गेला. गाडीचा आवाज बोगद्यात कितीतरी वेळ घुमत राहिला, आणि थांबल्यासारखा वाटला की पुन्हा यायचा. आत्यांनी पिशवीतून तापमापक काढला. “बाहेरच्यापेक्षा आठ अंश कमी,” त्या खुशीनं म्हणाल्या. “लोकांना अंगावर काटा येतो तो यामुळं.”

माझ्या अंगावर आला होता. पण मी ते सांगितलं नाही.

वर आलो तर गाव रंगीत होतं. डोंगराच्या उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरं, पिवळी, गुलाबी, निळी. मध्ये हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या. समुद्रसपाटीपासून गाव इतकं उंच, की दहा पायऱ्या चढलं तरी छातीत धडधडायचं. आमचं उतरायचं ठिकाण म्हणजे अशाच एका गल्लीतलं जुनं दोन मजली घर होतं. मध्ये चौक, चौकात लिंबाचं झाड, आणि कोपऱ्यातून वर जाणारा दगडी जिना. चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. मालकीणबाई सत्तरीच्या, ठसठशीत, पांढऱ्या केसांची जाड वेणी घातलेल्या. तरुणपणी दहा वर्षं त्यांनी टेक्सासात शिवणकाम केलं होतं, त्यामुळं इंग्रजी येत होतं. आत्यांनी नमस्कार-चमत्कार व्हायच्या आतच आपला पहिला स्पॅनिश प्रश्न विचारून टाकला.

बाईंनी क्षणभर त्यांच्या बुटांकडं, मग साडीकडं, मग चेहऱ्याकडं पाहिलं. “भूत मला माहीत नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “पण दुपारी तीनला जिन्यात बसू नका.”

“का?”

“वर जातात.”

“कोण?”

“मी कधी विचारलं नाही.” बाईंनी खोलीची किल्ली पुढं केली. “चाळीस वर्षं जातात. काही त्रास नाही. आपण वाट मोकळी ठेवायची, एवढंच.”

आत्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जो आनंद पाहिला, तो त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याचा बोर्डात पहिला नंबर आला असता तरी दिसला नसता. भूत, आणि दुपारी तीनचं!

पहिल्या दुपारी, म्हणजे रविवारी, आम्ही जिन्याच्या बरोबर मध्यावर बसलो. त्या डाव्या अंगाला, मी उजव्या, मध्ये चिवड्याचा डबा. तीन वाजले, चर्चची घंटा झाली, कुठंतरी कबुतरं फडफडली. साडेतीन वाजले. काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी ममींचं संग्रहालय बघायचं ठरवलं. त्या गावच्या कोरड्या मातीत काही प्रेतं कुजली नाहीत, वाळली. ज्यांच्या कबरीची काळजी घ्यायला मागं कुणी उरलं नव्हतं, त्यांना वर काढलं आणि पुढं काचेच्या कपाटांत ठेवलं. मला वाटलं, आत्या तिथं तास-दोन तास रमतील, मोजमापं घेतील. त्या दहा मिनिटांत बाहेर आल्या आणि उन्हात एका कठड्यावर बसल्या. मी पाणी दिलं. बराच वेळ बाटली नुसती हातात धरून होत्या.

“एकाच्या पायात मोजे आहेत गं,” त्या म्हणाल्या. “अजून. कुणीतरी घालून दिले असतील ना? थंडी वाजू नये म्हणून.”

आत्यांना भुतांसमोर बसलेलं मी खूपदा पाहिलं होतं. मेलेल्या माणसासमोर पहिल्यांदाच पाहत होते. काका गेले तेव्हा आम्ही पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं, आणि आत्या टेबल पुसत होत्या.

त्या दुपारी मला जिन्यात बसायचं नव्हतं. उन्हानं डोकं दुखतंय, असं मी म्हणूनही पाहिलं. “झोप मग तू,” आत्या म्हणाल्या आणि एकट्या जाऊन बसल्या. पाच मिनिटांनी मीही गेले. घरात कुणी नव्हतं. मालकीणबाई बाजारात गेल्या होत्या, बाकीच्या खोल्या रिकाम्या होत्या. चौकात लिंबाची सावलीसुद्धा हलत नव्हती. आदल्या दिवशीची कबुतरं नव्हती. चर्चमध्ये तीनचे ठोके पडले. शेवटच्या ठोक्याची कंपनं हवेत विरायच्या आत, खाली, जिन्याच्या पायथ्याशी, पाऊल वाजलं.

चामड्याच्या तळव्याचं पाऊल. एक नीट पडायचं, दुसरं किंचित घासत यायचं. घाई नव्हती. रोज जाणारा माणूस रोजच्यासारखा जातो, तसं ते वर येत होतं. मी खाली पाहत होते. पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. दगडाच्या मधोमध झिजून पडलेला खोलगटपणा दिसत होता, कडेला पडलेलं लिंबाचं वाळकं पानसुद्धा दिसत होतं. आणि आवाज एकेक पायरी चढून आमच्याकडं येत होता. तो आवाज आमच्या पुढ्यात येऊन थांबला.

किती वेळ थांबला, मला सांगता येणार नाही. दोन श्वास असतील. तेवढ्यात आत्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी चिवड्याचा डबा हळूच उचलून मांडीवर घेतला, साडीचा घोळ आवरला आणि पाय आखडून भिंतीकडं सरकल्या, अगदी अदबीनं. मग पाऊल पुन्हा वाजलं. आमच्या वरच्या पायरीवर. त्याच्या वरच्या. आणि तसंच चढत वर गेलं आणि संपलं.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मालकीणबाई पिशव्या घेऊन आल्या, आमच्याकडं वर पाहिलं आणि काही न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. आत्यांनी वही उघडली. स्थळ लिहिलं, वेळ लिहिली, तापमान लिहिलं. ‘उपस्थित’वर पेन टेकवून थांबल्या. आणि वही मिटली.

पण आत्या म्हणजे आत्या. सकाळी मी उठले तेव्हा त्या जिन्याची भिंत बोटांनी वाजवत होत्या, डॉक्टर पाठ वाजवतात तशी. “पलीकडं पोकळ आहे,” त्या म्हणाल्या. “चल.” पलीकडच्या घरात एक म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले राहत होते. खाली दुकान, वर राहायची खोली. एका पायानं जरा अधू. आत्यांनी मराठी, इंग्रजी आणि भुताचं स्पॅनिश एकत्र करून त्यांच्याकडून काढून घेतलं ते असं: रविवारी दुकान बंद असतं, एरवी ते रोज दुपारी तीनला दुकान बंद करून वर झोपायला जातात. जिना या भिंतीलाच लागून आहे. दम लागतो म्हणून मध्ये थांबतात. आत्यांनी त्यांना तिथल्या तिथं चढायला लावलं. बिचारे दुकान तसंच टाकून सकाळी अकरा वाजता जिना चढले, आणि मी आमच्या जिन्यात बसून ऐकलं. पाऊल वाजलं. एक नीट, एक घासत. मध्ये थांबलं, मग वर गेलं.

“हाच का?” आत्यांनी येऊन विचारलं.

“हाच,” मी म्हणाले. आवाज तसाच होता. फक्त तो भिंतीतून येत होता. आदल्या दिवशी तो कुठून आला होता, हे मला तेव्हा आठवायचं नव्हतं.

त्या दिवशी आत्यांना हर्ष मावेना. मालकीणबाईंना त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. भिंत, पोकळी, ध्वनी. बाईंनी घेवडा निवडता निवडता सगळं नीट ऐकून घेतलं. “हो,” त्या म्हणाल्या, “त्यांचेही पाय वाजतात.” आणि पुन्हा घेवडा निवडू लागल्या. आत्यांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मक्याच्या पानात वाफवलेले दोन तमाल खाल्ले, गावच्या चौकातल्या बँडसमोर उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला, आणि साडेनऊला अंथरुणावर पडल्या.

सकाळी निघायचं होतं. आम्ही सामान घेऊन पुन्हा त्या बोगद्यात उतरलो आणि उन्हाच्या चौकोनात टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिलो. आत्यांचे डोळे सुजले होते. रात्रभर झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं.

“सतरा,” त्या एकदम म्हणाल्या.

“काय सतरा?”

“परवा ऐकली ती पावलं. मी मोजली होती. सवयच आहे. काल त्या आजोबांची मोजली, तर चौदा भरली. मग त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. चौदाच. आनंदात ताळा करायचा राहिला, तो रात्री अंथरुणात केला.” बोगद्याच्या पार टोकाला एक गाडी गेली. तिचा आवाज आमच्यापर्यंत येऊन परत फिरला. “आणि आज पहाटे आपल्या जिन्याच्या मोजल्या.”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण त्यांनी आकडा सांगितलाच नाही. गरज नव्हती.

“आत्या, असेल काहीतरी. आवाज घुमतो, दुहेरी ऐकू येतो. तुम्हीच सांगता ना.”

“तुझे काका भुतांना भ्यायचे, तुला माहीत नसेल,” त्या म्हणाल्या. “एवढा बँकेतला मोठा माणूस, पण अंधारात बाल्कनीतले कपडे आणायला जायचे नाहीत. मी कायम हसायचे. एकदा म्हणाले, मी आधी गेलो तर तुझ्याकडंच राहायला येईन हो. तिकडं सगळी भुतंच असणार, मला एकट्याला भीती वाटेल.” त्या हसल्या, आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. “सहा वर्षं झाली. हिंडणं नसेल तेव्हा मी दुपारी घरातच असते. दार लावत नाही. आले नाहीत.”

टॅक्सी अजून आली नव्हती.

“भुतं नसतातच, म्हणून ते आले नाहीत. हे मला चाललं गं. त्यात कुणाचा काही दोष नाही. म्हणून तर मी एकेक जागा बघून खात्री करत हिंडले. पण असली तर? एखादं जरी खरं निघालं, तर मग त्यांना येता येत होतं, आणि तरी ते आले नाहीत.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मग मी काय समजायचं?”

सहा वर्षं आम्ही सगळे त्यांच्या वहीला हसत होतो. सिंगापूरभर, बाकांवर, जिन्यांत, लिफ्टच्या दारात, ही बाई थर्मास घेऊन ‘काही नाही’ गोळा करत फिरत होती आणि दर ‘काही नाही’नंतर थोडी निश्चिंत होऊन घरी जात होती. हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

“आत्या,” मी म्हणाले, “मीसुद्धा मोजली होती. परवा.”

“तू?”

“भीती वाटली की मी मोजते. लहानपणापासून. चौदा होती.”

“नक्की?”

“नक्की. तुम्ही डबा उचलण्यात गडबडलात.”

मी संशोधन करून पोट भरते. आयुष्यात मोजमाप खोटं सांगितलं ते एवढं एकदाच. त्या दुपारी मी मोजणं सोडा, धड श्वाससुद्धा घेतला नव्हता. आत्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई. उत्तर बरोबर आहे पण मधल्या पायऱ्या लिहिलेल्या नाहीत, अशा वहीकडं त्या जशा बघत असतील, तशाच बघत राहिल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

“चौदा तर चौदा,” म्हणाल्या. “ती बघ, आपली टॅक्सी आली.”

परत आल्यावर आत्यांनी भुतांचं काम बंद केलं. कुणी विचारलं तर “झालं ते बघून” म्हणायच्या. माझ्या मुलीला गणित शिकवायला आठवड्यातून दोनदा मरीन परेडहून बसनं बिशानला यायच्या. पुढं गुडघे थकले तेव्हा फ्लॅट विकून पुण्याला भाचीकडं राहायला गेल्या. दोन हजार एकोणीस साली, एका दुपारी, जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. भाचीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. पहिल्यांदा घड्याळ बघितलं आणि मग रडले.

त्यांची आठवण आली की मला अजून कधीकधी वाटतं, आत्या एखादे वेळी येतील. दुपारीच येतील. पण मग वाटतं, छे. तसं काही खरंच असलं, तर आत्यांना माझ्याकडं यायला सवड कुठली? त्यांनी आधी काकांना गाठलं असेल, एवढी वर्षं कुठं होतात म्हणून समोर उभं केलं असेल. आणि ते बिचारे, बँकेतले एवढे मोठे साहेब, मान खाली घालून सांगत असतील, की वाटेत फार अंधार होता गं.